सरपंचाची लेखी परीक्षा घ्या म्हणणाऱ्यांना

निवडणूक लागली की तो मेसेज येतोच, मला ह्या महिन्यात चार ग्रुपवर आलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शिपायाला पण दहावी लागते पण सरपंच अंगठाछाप चालतो, उमेदवाराला पदाचं काम काय तेच माहीत नसतं, म्हणून शिक्षणाची अट घाला, लेखी परीक्षा घ्या, नापास झाला की फॉर्म बाद. आणि शेवटी, महिला सरपंच तर नुसत्या सहीपुरत्या, कारभार नवराच बघतो. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मी पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो त्यामुळे एकेक मुद्दा घेतोच.

आधी शिपाई. शिपायाला नोकरी मिळते, साहेब सांगेल ते काम करायला. सरपंचाला आपण निवडतो, आपल्या वतीने साहेबाला विचारायला. दोन्हीला एकच माप लावायचं कारण काय? हा मुद्दा इथेच सोडतो, ह्यात फार दम नाही.

अट घाला म्हणणाऱ्यांना बहुतेक माहीतच नाही की अट घालून झालीय. आपल्याच राज्यात 2017 ला थेट जनतेतून सरपंच आला तेव्हा 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पासची अट आली. राजस्थानने त्याआधी सरपंचाला आठवी, जिल्हा परिषदेला दहावी अशी अट घातली होती, सरकार बदललं आणि 2019 ला काढून टाकली. हरियाणाने 2015 ला घातली, खुल्या गटातल्या पुरुषाला दहावी, बाईला आठवी, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अट कायम ठेवली, चांगलं वाईट ओळखायची ताकद शिक्षणानेच येते असं निकालात म्हटलं. कोर्टाचा मान राखून सांगतो, मला हे पटलेलं नाही. शाळा कुणाला मिळाली नाही? गावातल्या म्हाताऱ्यांना, बायकांना, दलितांना. म्हणजे आधी शाळा द्यायची नाही आणि मग शाळा नाही म्हणून फॉर्म बाद करायचा. गंमत पुढेच आहे, हे कायदे ज्या विधानसभांनी केले तिथल्या आमदाराला शिक्षणाची काहीच अट नाही, खासदारालाही नाही. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांची परीक्षा!

आता मेसेजमधला खरा मुद्दा, उमेदवाराला काम माहीत नसतं. हो, नसतं. मलाही नव्हतं, आणि मी ग्रॅज्युएट आहे. निवडून आलो तेव्हा मला वाटायचं आमदाराला असतो तसा सदस्यालाही वॉर्डासाठी वेगळा निधी असतो, दोन महिने भाऊसाहेबांच्या (म्हणजे ग्रामसेवकांच्या, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) मागे लागलो होतो माझा निधी कुठाय म्हणून, ते नुसते हसायचे. प्रोसिडिंग बुकात (सभेत काय ठरलं ते लिहायचं रजिस्टर) खाली कोऱ्या जागेवर सह्या केल्यात मी, चहा पिता पिता. डिग्रीने काय वाचवलं मला? काहीच नाही.

आणि हे काम पदवीशिवाय न कळण्यासारखं पण नाहीये. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, कारण नसताना टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. महिन्याची मासिक सभा घ्यायची. घरपट्टी पाणीपट्टी वसूल होते का बघायचं, अंदाजपत्रक करायचं, गावाचा विकास आराखडा करून ग्रामसभेपुढे ठेवायचा. पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते, आता ती डिजिटल झालीय, तर त्या सहीचा डोंगल (पेन ड्राइव्हसारखा असतो) कुणाच्या खिशात आहे हे बघायचं. कित्येक ठिकाणी सरपंचाचा डोंगल ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि सरपंच एमए असतो! वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा निधी समजून घ्यायचा, 15 व्या आयोगाच्या 2021 ते 2026 ह्या काळात त्यातले 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचे, उरलेले 40 टक्के अबंधित. दहा लाख आले तर सहा लाखाचा सिमेंट रस्ता होत नाही एवढं समजायला बी.कॉम. लागत नाही, एकदा नीट सांगितलं की माझ्या आईला पण समजलं, ती चौथी शिकलीय.

मेसेज लिहिणाऱ्याने एक गोष्ट धरूनच चाललीय की काम कळणारा माणूस काम चांगलंच करतो. इथे मला आमच्याकडचे एक तीन टर्म निवडून आलेले सदस्य आठवतात, नाव सोडा. कायदा तोंडपाठ. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, म्हणजे कमीत कमी इतके लोक हजर पाहिजेत, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. पण सभा तहकूब झाली की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग हे काय करायचे, दवंडी अशी द्यायची की ऐन सुगीत सकाळी दहाला सभा, कोण येणार शेत सोडून, सभा तहकूब, आणि पुढच्या सभेला आपलीच बारा माणसं बसवून सगळे ठराव मंजूर. लेखी परीक्षा ठेवली असती तर तालुक्यात पहिले आले असते.

मग हिवरे बाजार ह्या आदर्श गावाचे सरपंच राहिलेले पोपटराव पवार एम.कॉम. आहेत ना, असं कुणीतरी म्हणणारच. आहेत, 1989 पासून ते गाव त्यांनी उभं केलं ते खरंच. पण तिथे पाऊस किती झाला बघून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि कुठलं पीक घ्यायचं ते त्यावर ठरतं, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, हे लोकांनी मान्य केलंय, त्यात एम.कॉम.चा वाटा किती आणि सभेला येऊन बसणाऱ्यांचा किती ते तुम्हीच ठरवा. दुसरं टोक बघायचं तर गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं गाव, अभ्यासगट लावून लोकांनी कायदा समजून घेतला, सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायची पद्धत पाडली, आणि 2009 ला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क (म्हणजे अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क) मिळवला, देशात अगदी पहिल्यांपैकी. तिथे परीक्षा एकट्या उमेदवाराची नव्हती, अख्खं गाव अभ्यासाला बसलं होतं.

महिला सरपंचांचं. नवरा कारभार बघतो हे खोटं नाही, मी डोळ्याने बघितलंय, खुर्चीत दादा आणि वहिनी घरी. पण ह्यात बाईला काम कळत नाही हे कुठून आलं? तिला खुर्चीत बसू दिलं तर कळेल ना. आमच्या वेळी सरपंच ताई पहिलं वर्ष एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी एका मासिक सभेला नवरा लग्नाला गेला होता, भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढे केलं तर म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा भाऊसाहेब, मग करते सही." सभा दोन तास चालली. एका दुरुस्तीचं बिल दोनदा लागलं होतं ते त्या दिवशी सापडलं. त्यानंतर दादांना बाहेरच्या बाकावर बसायला लागलं. ताई सहावी शिकल्यात, मेसेजवाल्याच्या परीक्षेत त्यांचा फॉर्मच बाद झाला असता.

राहता राहिला जाहीरनामा, मेसेजमध्ये त्याची पण टिंगल आहे की उमेदवार काहीही आश्वासनं देतात. देतात. आमच्याकडे गेल्या वेळी इंजिनियर झालेल्या पोराने पत्रकात एमआयडीसी आणि रेल्वेचा थांबा छापला होता, ग्रामपंचायतीला! त्याला काय माहीत नव्हतं का हे आपल्या हातात नाही म्हणून? माहीत होतं, मी विचारलं तर म्हणाला काका, गटाराला कोण मत देतं.

आणि ते खरं निघालं. प्रचाराच्या शेवटच्या कॉर्नर सभेत दोन्ही पॅनेलचे उमेदवार समोर होते, मी उठून विचारलं की निवडून आल्यावर ग्रामनिधीचं पासबुक ग्रामसभेत वाचून दाखवणार का, डोंगल स्वतःकडे ठेवणार का आणि ग्रामसभा संध्याकाळी घेणार का. उमेदवार काही बोलायच्या आत मागून आपलीच माणसं ओरडली, "ओ मास्तर, बसा खाली, देवळापुढच्या हायमास्टचं काय झालं ते विचारू द्या."