रिमोट हातात घ्या, पंच व्हा

परवा डॅलसमध्ये एका मित्राकडे कॉलेज बास्केटबॉल बघायला जमलो होतो. मॅच दुसरीच कुठली तरी चालू होती, पण तिच्यात एकदा गोलटेंडिंगची, म्हणजे रिंगकडे खाली येणारा चेंडू बेकायदा अडवल्याची, शिट्टी वाजली आणि यजमान, म्हणजे एसएमयूचे (डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे) माजी विद्यार्थी, थेट २०१५ च्या एसएमयू-यूसीएलए मॅचमध्ये जाऊन पोचले. तिथे अशाच शिट्टीवर एसएमयू कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाकडून हरलं होतं. पावभाजी पावणेअकराला मिळाली. गार. तुमच्यावरही ही वेळ येणारच, तेव्हा तयारी असावी म्हणून चार सूचना.

सर्वांत आधी, गोलटेंडिंगचा नियम वाचू नका. चेंडू खाली येत असेल, पूर्णपणे रिंगच्या वर असेल आणि आत जाण्याची शक्यता असेल, तर बचाव करणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. संपला नियम. हे वाचलंत तर वाद पाच मिनिटांत आटपेल, मग रात्रभर करायचं काय?

‘मी शाळेत जिल्ह्यापर्यंत खेळलोय’ हे एकदा तरी सांगाच. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतात, तिथे रिंगला लागून उडालेला चेंडू खुशाल टोलवता येतो आणि अमेरिकन कॉलेजात तो रिंगच्या वर असेतो टोलवता येत नाही, हा फरक मात्र गिळून टाका.

पंच रिप्ले बघत नसतील तर ‘आंधळे’ म्हणा. बघायला गेले तर ‘मॅचचा विचका केला’ म्हणा.

आता मुख्य विद्या : रिमोट. एसएमयू ५९, यूसीएलए ५७, पंधरा सेकंदही उरलेले नाहीत. यूसीएलएच्या ब्राइस अल्फर्डचा थ्री-पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा फटका) येतोय, एसएमयूच्या यानिक मोरेराने उडी मारून रिंगजवळ चेंडूला हात लावला, शिट्टी, चेंडू आत गेला असं धरून यूसीएलएला तीन गुण, ६०-५९. इथे चित्र थांबवा. टीव्हीजवळ जाऊन स्क्रीनवर बोट टेकवा (तेलकट असल्यास उत्तम) आणि म्हणा, ‘बघ, बाहेर चाललाय!’ मग एक फ्रेम मागे. एक पुढे. परत मागे. आमच्या यजमानांनी हे अकरा वेळा केलं, मी मोजलं. साताऱ्याहून आलेले एक काका ‘लेगस्टंपच्या बाहेर आहे’ म्हणाले आणि तिथून एलबीडब्ल्यू सुरू झालं. अहो काका, एलबीडब्ल्यूत चेंडू स्टंपवर गेलाच असता का, हे ठरवायचं असतं. इथे शक्यता होती का, एवढंच! तुमच्या थांबवलेल्या चित्रात तो बाहेर चाललेला दिसतो, पंचाला मात्र चित्र थांबवता येत नव्हतं, आणि तेव्हा असा निर्णय रिप्लेवर तपासायची सोयही नव्हती. ती २०१९-२० च्या हंगामात आली, तीही शेवटच्या दोन मिनिटांपुरती. हे मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा कुणीतरी पाव मागितला.

कुणी फारच अडवलं तर २०१७ ची नॉर्थवेस्टर्न-गोंझागा ही कॉलेज मॅच काढा. गोंझागाच्या खेळाडूने रिंगमधून हात वर घालून चेंडू अडवला, पंचांना दिसलं नाही आणि मॅचनंतर एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, चूक कबूल केली. पाच गुणांनी मागे असताना नॉर्थवेस्टर्नचे प्रशिक्षक मैदानात धावत गेले आणि टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा दंड) घेऊन समोरच्यांना आणखी दोन गुण देऊन बसले, हे सांगायची गरज नाही.

झाल्या सूचना. आता खरं बोलू?

तो मोरेरा, अंगोलाहून आलेला पोरगा, त्याच दिवशी चूक आपली म्हणाला होता. ज्याचं हरायचं ते हरून मोकळं झालं. सोफ्यावर बसून कसली रडताय तुम्ही अजून? नियम पाठ नाही, ऐकून घ्यायची तयारी नाही, आणि पंचाच्या आईबापाचा उद्धार शेजारी पोरं बसलेली असताना. लाज नाही वाटत?

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मुलांची मॅच होती. नऊ-नऊ वर्षांची पोरं. शिट्टी घेऊन उभा असलेला मुलगा हायस्कूलमधला, फार तर सोळाचा. आणि आमचे यजमान बाकावर उभे राहून त्याच्यावर ओरडत होते, ‘गोलटेंडिंग! गोलटेंडिंग!’ अरे, त्यातल्या एकाचाही हात रिंगच्या जाळीपर्यंत पोचत नव्हता. खाली बस.