किम सुरोची राणी अयोध्येची? फॉरवर्डमधला एकेक दावा

‘कोरियाचा पहिला राजा किम सुरो याने इ.स. 48 मध्ये अयोध्येची राजकन्या सुरीरत्ना हिच्याशी लग्न केले, आज 60 लाख कोरियन तिचे वंशज आहेत आणि डीएनएनेही ते सिद्ध झाले आहे.’ खाली दोन माशांचा फोटो. हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो.

‘कोरियाचा पहिला राजा.’ नाही. कोरियन परंपरेत आद्य संस्थापकाचा मान दानगुनचा. सुरो हा दक्षिण किनाऱ्यावरच्या, आजच्या गिम्हे शहराच्या परिसरातल्या गुम्ग्वान गया या लहानशा राज्याचा संस्थापक. कथा अशी, की इ.स. 42 मध्ये गुजिबोंग टेकडीवर नऊ सरदार आणि त्यांची माणसे ‘कासवा, डोके बाहेर काढ, नाहीतर भाजून खाऊ’ असे गात नाचली. आकाशातून जांभळी दोर खाली आली, तिच्या टोकाशी लाल कापडात गुंडाळलेली सोन्याची पेटी, आत सहा सोनेरी अंडी. त्यांतून पहिला बाहेर आला तो सुरो. तो वारला 199 मध्ये, वयाच्या 158व्या वर्षी. अंडी आणि वय दंतकथा म्हणून बाजूला सारायची आणि त्याच वृत्तांतातली राणी तेवढी इतिहास म्हणून उचलायची, हे सोयीचे आहे, पण पटणारे नाही.

‘जुन्या ग्रंथात लिहिलेय.’ तो ग्रंथ म्हणजे इर्योन या भिक्खूने 13व्या शतकात रचलेला ‘साम्गुक युसा’. त्यातला गयाचा वृत्तांत 11व्या शतकातल्या एका नोंदीवरून घेतलेला, म्हणजे मूळ नोंदच घटनेनंतर हजारेक वर्षांनी झालेली. युसाच्या आधी, 1145 मध्ये पूर्ण झालेला ‘साम्गुक सागी’ हा इतिहासग्रंथ सुरोची दखल घेतो, पण या राणीबद्दल चकार शब्द काढत नाही.

‘सुरीरत्ना, अयोध्येची.’ युसात राणीचे नाव हो ह्वांग-ओक, वय 16, देश ‘अयुता’. सुरीरत्ना हे नाव त्यात कुठेही नाही. ती अलीकडची भर. ‘अयुता’ हा शब्द अयोध्येवरून आलेला असू शकतो, पण भिक्खू लेखकाला तो बौद्ध ग्रंथांतून सहज मिळण्यासारखा होता. थायलंडच्या अयुथयाचे नाव पुढे करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ते शहर 14व्या शतकात वसले, युसानंतर.

खरी गंमत प्रवासाच्या तपशिलात आहे. राणी सांगते, की ‘याच वर्षीच्या पाचव्या महिन्यात’ आईवडिलांनी तिला आपल्याला पडलेले स्वप्न सांगून पाठवले. ती गयाच्या किनाऱ्याला लागते सातव्या महिन्याच्या 27 तारखेला. जेमतेम अडीच-तीन महिने! अयोध्या तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. 5व्या शतकात चिनी भिक्खू फाहियान श्रीलंकेहून निघाला, तेव्हा जावाच्या बाजूला पोचायलाच त्याला तीन महिन्यांहून अधिक लागले, तिथे पाच महिने थांबावे लागले आणि पुढे चीन गाठायला आणखी जवळपास तीन महिने गेले.

जहाजावरच्या मालात रेशमी वस्त्रे, सोने-चांदी यांच्याबरोबर ‘हान बाजारातल्या’, म्हणजे चिनी बाजारातल्या, वस्तू आहेत, आणि सोबतच्या सरदारांची नावे सिन बो, जो ग्वांग अशी चिनी वळणाची. परत पाठवलेल्या 15 खलाशांना तांदळाची 10-10 पोती आणि कापडाचे 30-30 ठाण मिळाल्याचीही नोंद आहे. भारताची म्हणून ओळखता येईल अशी वस्तू मात्र या यादीत एकही नाही.

‘तिने आणलेला दगडी स्तूप आजही आहे.’ राणीच्या थडग्याजवळ तांबूस दगडाचा स्तूप आहे खरा, आणि हा दगड कोरियातला नव्हे असे युसाही म्हणतो. पण दगड परका असला म्हणून तो अयोध्येचा ठरत नाही. शिवाय हाच ग्रंथ कबूल करतो, की तेव्हा तिथे बौद्ध धर्म पोचला नव्हता, आणि राणीच्या स्मरणार्थ मंदिर बांधले गेले ते 452 मध्ये.

‘दोन मासे.’ हे चिन्ह सुरोच्या समाधीवर आणि अयोध्येकडे, दोन्हीकडे दिसते, असा हा दावा. सुरोच्या समाधीच्या दारावरची नक्षी कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातली, म्हणजे सुरोनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने आलेली. अयोध्येच्या परिसरात, अवधमध्ये, जोडमासे मिरवले ते नवाबांनी. इ.स. 48 शी दोघांचाही संबंध नाही.

‘डीएनए.’ 2004 मध्ये कोरियन संशोधकांनी गया काळातल्या हाडांत दक्षिणेकडचा मातृवंश दिसल्याचे सांगितले. ती हाडे राणीची नव्हती, तिच्या काही शतकांनंतरची होती. 2022 मध्ये गिम्हेतल्या गया काळच्या आठ व्यक्तींचे जीनोम प्रसिद्ध झाले. त्यांत ईशान्य आशियाई आणि जपानच्या प्राचीन जोमोन लोकांशी जुळणारा वारसा दिसला. आणखी एक: मातृवंश ज्यावरून ओळखतात तो माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मिळतो आणि फक्त मुलींकडूनच पुढे जातो. राणीचे ‘हो’ हे आडनाव चालवले ते तिच्या दोन मुलग्यांनी, असे परंपराच सांगते. मग हो घराण्यात तिचा मातृवंश शोधायचा कुठे?

‘60 लाख वंशज’ ही गिम्हे किम, गिम्हे हो आणि इंचॉन ई या कुळांची गोळाबेरीज. जोसनच्या उत्तरार्धात वंशावळीत नाव घालून घेणे, चक्क विकत घेणे, सर्रास चालत असे. कुळाचा सभासद म्हणजे रक्ताचा वारस नव्हे.

अयोध्येतले 2001 चे स्मारक कुळाच्या श्रद्धेचे आणि दोन शहरांच्या मैत्रीचे आहे. तिथे जरूर जावे. भारताशी जुना धागा हवाच असेल, तर प्राचीन कोरियन थडग्यांतले काचेचे बारीक मणी पाहावेत. ते बनवण्याची रीत दक्षिण भारतातली, तमिळ किनाऱ्यावरच्या अरिकामेडूसारख्या ठिकाणची. तिथून ती आग्नेय आशियात पसरली आणि मणी बंदरे बदलत कोरियापर्यंत गेले.