नॉर्वेत तेलाचे पैसे कुणाच्या खात्यात येत नाहीत

‘नॉर्वे सरकार तेलाचा नफा दरवर्षी प्रत्येक नागरिकाच्या खात्यात जमा करतं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. तसं काही नाही. असा लाभांश वाटतं ते अमेरिकेतलं अलास्का राज्य, १९८२पासून. नॉर्वेचा पैसा १९९०च्या कायद्याने उभारलेल्या निधीत जातो; पहिली रक्कम पडली १९९६ साली. हा निधी फक्त देशाबाहेर गुंतवतात आणि त्यातून सरकारने वर्षाला साधारण ३ टक्केच (२०१७पर्यंत ४) उचलावेत असा दंडक आहे.

खरी गंमत मेसेजमध्ये नाहीच. तेलाचे परवाने देताना नॉर्वेने परदेशी कंपन्यांना नॉर्वेतल्याच संस्थांकडून संशोधन करून घ्यायला भाग पाडलं. समुद्रतळाच्या कामांतली तिथल्या उद्योगाची हातोटी बरीचशी त्यातून आली.