चार काळ्या जहाजांनी शोगुनशाही बुडवली नाही

व्हॉट्सॲपवर एक संदेश जोरात फिरतोय: शोगुनांनी, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य करणाऱ्या लष्करप्रमुखांनी, जपानवर सलग ७०० वर्षं लष्करी राज्य केलं, सम्राटाला बाहुलं बनवलं, देशाला कुलूप घातलं आणि १८५३ मध्ये अमेरिकेची चार जहाजं दिसताच सगळा डोलारा कोसळला.

‘सलग’ हा शब्द आधी खोडा. ११९२ मध्ये योरितोमो हा सरदार शोगुन झाला. त्याचं कामाकुराचं सरकार १३३३ मध्ये संपलं आणि सम्राट गो-दाइगोने जेमतेम तीन वर्षं स्वतः कारभार पाहिला. मग आशिकागा हे शोगुनांचं नवं घराणं आलं. पण ओनिन युद्धानंतर (१४६७–७७) त्यांचा हुकूम राजधानी क्योतोबाहेर फारसा कुणी जुमानत नव्हतं. १५७३ मध्ये नोबुनागा या सरदाराने त्यांच्या शेवटच्या शोगुनला राजधानीतून हाकललं. पुढे १६०३ मध्ये तोकुगावा घराणं येईपर्यंत शोगुनांचं सरकारच नव्हतं. नोबुनागा आणि त्याच्यानंतरचा हिदेयोशी, दोघेही शोगुन न होताच सत्ता गाजवून गेले.

बाहुलं फक्त सम्राटच होता? १२१९ मध्ये योरितोमोचा वंश खुंटला, तेव्हा खरे सत्ताधारी असलेल्या होजो घराण्याने क्योतोहून एक तान्हं पोर आणवलं आणि १२२६ मध्ये, आठव्या वर्षी, त्याला शोगुन केलं!

कुलपाचं म्हणाल, तर जपानी माणसाला परदेशी जायला बंदी होती, पोर्तुगीजांना १६३९ मध्ये दार बंद झालं, हे खरं. पण नागासाकीत डच आणि चिनी व्यापार करत होते, कोरियाशी त्सुशिमा बेटामार्फत आणि र्‍युक्यू बेटांच्या राज्याशी सात्सुमा संस्थानामार्फत देवघेव चालू होती. गंमत म्हणजे अमेरिकी आरमार येणार ही खबर डचांनी आदल्याच वर्षी देऊन ठेवली होती.

आता ती जहाजं. त्यांचा प्रमुख, अमेरिकी आरमाराचा अधिकारी पेरी आला १८५३ मध्ये, शोगुनशाही गेली १८६८ च्या सुमारास. मधली पंधरा वर्षं हा संदेश गिळून टाकतो. घर आधीच पोखरलेलं होतं. सामुराईंचा पगार तांदळात, खर्च रोकडीत. दाइम्यो, म्हणजे संस्थानिक, ओसाकाच्या सावकारांचे देणेकरी. १८३७ मध्ये, दुष्काळात, ओशिओ हेइहाचिरो या शोगुनच्याच माजी अधिकाऱ्याने ओसाकात बंड केलं. ते दिवसभरात मोडलं, पण शहराचा मोठा भाग जळाला.

माझ्या मते खरी चूक पेरी आल्यानंतर झाली. शोगुनचा मुख्य मंत्री आबे मासाहिरोने पेरीने आणलेल्या पत्राला काय उत्तर द्यावं याबद्दल सगळ्या दाइम्योंची लेखी मतं मागवली. अडीचशे वर्षं ज्यांना राष्ट्रीय कारभारात तोंड उघडू दिलं नव्हतं, त्यांना आपणहून बोलायला लावलं. १८५८ मध्ये शोगुनच्या सरकारचा प्रमुख ई नाओसुके याने सम्राटाची संमती नसताना अमेरिकेशी व्यापार-करार केला आणि विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. १८६० मध्ये एदोच्या (आजच्या टोकियोच्या) किल्ल्याच्या दाराशी त्याचा खून झाला. मारेकरी जपानी सामुराईच.

सात्सुमा आणि चोशु ही १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावांकडून हरलेली संस्थानं. तोकुगावांनी त्यांना नमवलं, संपवलं नाही. १८६६ मध्ये त्यांनी गुप्त करार केला. त्याच वर्षी चोशुवर धाडलेली शोगुनची फौज अपयशी ठरली. पुढच्या वर्षी शेवटचा शोगुन योशिनोबु याने सत्ता सम्राटाला परत केली आणि जानेवारी १८६८ मध्ये तोबा-फुशिमीच्या लढाईत मार खाल्ल्यावर, सैन्य ओसाकात सोडून तो समुद्रमार्गे एदोला निघून गेला.