हरभरा बापूचा, काळवीट कुणाचं?

सोलापुरात पार्क चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका फोटोवरून. आमच्यातला फोटोवाला पोटासाठी लग्नांचे फोटो काढतो आणि रविवारी पक्ष्या-प्राण्यांचे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडून येताना काळविटांचा कळप टिपून आला होता. मावळतीचं ऊन, हिरवंगार रान, वीसेक जनावरं. मोबाइल हातोहात फिरला. बापूकडं आला तेव्हा त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, काळविटं बाजूला सारली आणि खालची जमीनच न्याहाळत बसला.

"हरभरा हाय बे ह्यो. बघ कसा कातरलाय."

बापूचं रान तिकडंच, बार्शी रोडला. दूध घालायला शहरात येतो म्हणून संध्याकाळी कट्ट्यावर सापडतो. फोटोवाला म्हणाला, "हरभऱ्याचे शेंडे खुडले की फुटवा चांगला येतो म्हणतात ना? फुकट खुडणी झाली समज."

"खुडणारी बाई शेंडा घेते. हे बुडापर्यंत खातंय, वर त्यातच बसतंय नि लेंड्या टाकून जातंय. पंधरा दिवस रात्रभर जागल करायलोय मी. डबा वाजवून हाताला घट्टे पडलेत."

मास्तरांनी मग सुरुवातीपासून काढलं. भूगोल शिकवून निवृत्त झालेत, सुरुवातीपासून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य जाहीर झालं, 8496 चौरस किलोमीटरचं. त्यात नगरचेही तालुके होते, पण आकडा आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठा. लोकांची शेतं, गावं, रस्ते, सगळं आत. पुढं प्रकरण कोर्टापर्यंत जाऊन ते 1222 वर आलं. "आणि त्या आधी काय होतं? लोक मालदांडी ज्वारी पेरत होते, धनगर मेंढरं चारत होते आणि त्याच माळावर माळढोक एकेक अंडं घालत होता. उघड्या जमिनीवर, घरटंसुद्धा नाही. पक्षी कुणी राखला होता?"

"राखला म्हणू नका," फोटोवाला म्हणाला. "आड आले नाहीत एवढंच." हे मला पटलं. गावानं मुद्दाम जपलं ही गोष्ट ऐकायला गोड वाटते, पण माळ माळ राहिला तो पाणी नव्हतं म्हणून. पाणी आल्यावर उसानं काय केलं ते आपण पाहतोच. आणि पाणी नव्हतं तिथं आपण हौसेनं झाडं लावली! माळावर गिरिपुष्प. ज्या पक्ष्याला लांबवर मोकळं दिसावं लागतं त्याच्यापुढं आपण कुंपण वाढवलं. सातबाऱ्यावर माळाला 'पडीक' म्हणायचं, मग दुसरं काय होणार.

मास्तर नागालँडवर गेले. तिथल्या पांगती गावात 2012 साली अमूर ससाण्यांची जाळी लावून बेसुमार शिकार झाली, आणि पुढच्याच हंगामात गावानं ती बंद केली. आता तिथं लोक ससाणे बघायला जातात. "गावानं ठरवलं की होतं."

"तिथं जमीन कुणाची, मास्तर?" बापूनं विचारलं.

मास्तर क्षणभर थांबले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "गावाची. कुळांची. राज्यघटनेत 371 अ आहे त्यासाठी."

"मग! इथं बहिणीच्या लग्नाला एक एकर विकायला काढायचा होता तर अभयारण्यापायी लागणाऱ्या दाखल्यासाठी चार वर्षं हिंडलो. ऑफिसचं नाव घेत नाही. लग्न सावकाराच्या पैशानं झालं. तवापासून माळढोक म्हणलं की आमची आई दार लावती."

फोटोवाल्यानं इंदापूरची कडबनवाडी काढली. गवताळ सफारी, गावातलीच पोरं गाइड, गावाला उत्पन्न. चांगली गोष्ट आहे, मीही तसंच म्हणालो. त्यावर आतापर्यंत गप्प बसलेला अण्णा बोलला. रिक्षा चालवतो, घर सांगोल्याकडं, भाऊबंद अजून मेंढरं घेऊन फिरतात.

"गाव म्हंजी कोण पण? गाइड पोरगं पैसे घेणार. सरपंच फीत कापणार. लांडग्यानं कोकरू नेलं त्ये आमचं. वाघर, म्हंजी मेंढरांभोवतीची जाळी, तोडून नेलं तरी भरपाईला पंचनामा लागतोय, साहेब येईपर्यंत मढं हलवायचं नाही. कळप पुढच्या मुक्कामाला निघालेला. थांबायचं कुणी? आन् थांबलं तर तोवर कुत्री शिल्लक ठेवतात व्हय?"

"मग लांडगा मारता का?"

"न्हाई. दोन कुत्री जास्त पाळतो. त्येचं बी पोट हाय."

यावर कुणीच काही बोललं नाही. लोकसहभाग, लोकसहभाग म्हणून आम्ही तासभर भांडत होतो. त्यात फायद्याचा माणूस एक, तोट्याचा दुसरा, आणि तिसरा तर त्या गावच्या मतदारयादीतही नाही, हे रिक्षावाल्यानं सांगेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. सफारीच्या तिकिटातले पैसे आधी त्या हरभऱ्याला आणि त्या कोकराला गेले पाहिजेत, तेही त्याच आठवड्यात. समितीच्या खात्यात पडून राहिलेल्या पैशानं जागल सुटत नाही. मास्तर म्हणाले, "हिशोब कोण ठेवणार?" बापू म्हणाला, "तुम्ही ठेवा की, पेन्शन घेऊन काय करायलाव?" मास्तरांना राग आला की हसू, नीट कळलं नाही.

उठताना बापू फोटोवाल्याला म्हणाला, "आज रात्री चल जागलीला. बॅटरी आण. घसा पण आण."

तो खरंच गेला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आला तो घोगऱ्या आवाजात. किती आली होती विचारलं तर बापूनंच उत्तर दिलं.

"दीडला आली, चौदा. ह्ये येडं तिपाईवर कॅमेरा बसवत हुतं. दोन वाफे गेले तोवर."

फोटोवाल्यानं मोबाइल पुढं केला. फोटो हलला होता. चहाचे पैसे त्यानंच दिले.