‘गाडी बाबांच्याच नावावर राहू द्या’ : त्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. वडील किंवा आई गेल्यावर त्यांची गाडी आपल्या नावावर करायची काहीच गरज नाही, असा त्याचा सूर. कारणं पाच दिली आहेत: टॅक्स आधीच भरलेला असतो, पोलीस विचारत नाहीत, विमा जुन्याच नावावर ऑनलाइन भरता येतो, नाव बदललं की नो-क्लेम बोनस (क्लेम केला नाही म्हणून विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) आणि नंबर दोन्ही जातात, आणि विकायची वेळ आलीच तर फॉर्मवर जुन्या तारखेची सही ‘मारून’ काम होतं. खाली ‘आरटीओचा हेलपाटा वाचवा’ आणि हात जोडलेले. आमच्या घरी ही वेळ येऊन गेली आहे, म्हणून लिहितो.

टॅक्सचं आधी उरकू. खासगी गाडीचा एकरकमी टॅक्स गाडीवर भरलेला असतो, हे खरं. पण टॅक्स भरलाय म्हणून मालकी आपोआप वारसाकडे येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये मालक वारल्यावर काय करायचं ते स्वतंत्र लिहिलंय, आणि 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 56 त्याचा तपशील देतो: मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, मग मृत्यूपासून तीन महिने ती गाडी स्वतःची असल्यासारखी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून अर्ज करायचा. 30 दिवसांत कळवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. दिवस-वार चालू असताना आरटीओ कुणाला आठवणार?

पोलिसांचं मात्र बरोबर आहे. दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणं हा गुन्हा नाही. लायसन्स, विमा, पीयूसी पाहून हवालदार सोडून देतो. नाव उशिरा बदलल्याचा दंडही डोळे पांढरे व्हावेत असा नाही. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं इथं विषय संपला. खरी गोम पुढे आहे, विम्यात.

खासगी गाडीच्या पॉलिसीच्या मागच्या पानांवर, जिथं कुणी फिरकत नाही तिथं, एक अट छापलेली असते. एकटा विमाधारक वारला तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ती चालते. तेवढ्या वेळात वारसानं ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. त्यानंतर तुम्ही बाबांच्या नावानं नूतनीकरण केलंत तर वेबसाइट पैसे घेते, पावतीही देते. विमाधारक हयात आहे का, हे ती विचारत नाही एवढंच. विचारलं जातं ते गाडी ठोकल्यावर. क्लेम फॉर्मवर सही कुणाची? पैसे कुणाच्या खात्यात? मग मृत्यूचा दाखला पुढे येतो, त्यावरची तारीख पॉलिसीच्या तारखेच्या आधीची निघते, आणि कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. हप्ते वेळेवर भरलेत, हे सांगून मग फारसा उपयोग होत नाही.

त्याच पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालकासाठी, म्हणजे आपल्या उदाहरणात गेलेल्या माणसासाठी. रोज ती स्कूटर चालवून कामावर जाणाऱ्या मुलाला त्यातलं काही लागू नाही. ज्याला संरक्षण हवं तो त्यात नाही आणि ज्याचं नाव आहे त्याला ते नको. दरवर्षी आपण त्याचेच पैसे भरत असतो.

समोरच्याला धडक बसली तर? कायद्याच्या व्याख्येत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येही नुकसानभरपाईच्या दाव्यात याच व्याख्येवर बोट ठेवलं. मालक हयात नसेल तर दाव्यात वारस ओढले जाऊ शकतात, आणि त्यात त्या गाडीवर कधी न बसलेली, दुसऱ्या गावी नांदणारी बहीणही आली.

बोनसचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. गाडी परक्याला विकली तर बोनस गाडीबरोबर जात नाही. पण विमाधारक वारला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडील यांच्याकडे आली, तर त्याचा नो-क्लेम बोनस त्यांना मिळतो. 50 टक्क्यांपर्यंतची ही सवलत मागितली मात्र पाहिजे, कंपनी आठवण करून देईलच असं नाही.

आणि ती ‘जुन्या तारखेची सही’. फॉर्म 29 आणि 30 विक्रीचे आहेत, विकणाऱ्याच्या सहीचे. गेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे बनावट कागद तयार करणं. एजंट ‘सगळे करतात’ म्हणेल, पण कागद पकडला गेला तर पोलीस तुमच्या घरी येणार आहेत, त्याच्या नाही. वारसाच्या नावावर आणा, मग खुशाल विका.

फॉर्म 31 सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल, तर तो उतरवायला आधी बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. इथं लोक एक गोष्ट विसरतात: हिंदू वारसा कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा यांच्याबरोबर मृताची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे, म्हणजे आजी हयात असेल तर तिचीही सही घ्यायची. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी पाटी नसेल तर ती आधी बसवून घ्या. तीन महिने उलटले म्हणून काम होत नाही असं नाही, आमचं अकराव्या महिन्यात झालं. फेऱ्या मात्र तीन झाल्या, दोन माझ्या चुकीनं. 2021 पासून आरसीवर वारसदार म्हणून कुणाचं तरी नाव आधीच नोंदवता येतं. ते केलेलं असेल तर पुढचं बरंच सोपं जातं. आपल्या स्वतःच्या गाडीचं आजच करून टाकायला हरकत नाही.

राहिला नंबर. आमच्या आईनं ना-हरकतीवर सही करायच्या आधी एवढंच विचारलं होतं, ‘नंबर बदलणार का रे?’ बेरीज नऊ यावी म्हणून बाबांनी शोरूममध्ये तासभर हुज्जत घातली होती. नंबर बदलत नाही. आरसीवर माझं नाव आलं, पाटीवरची बेरीज नऊच आहे.