तपास असा करावा, की गाव शांत राहील

उपविभागीय पोलीस अधिकारी म्हणून तालुक्यात नवीन आला असाल, तर आधी एक गोष्ट गाठीला बांधा: तुमच्या हद्दीत जातीय तणाव नाही. पोलीस पाटील तसं सांगतो, सरपंच त्याला दुजोरा देतो आणि वेशीवर तंटामुक्त गावाचा फलकही आहे. तेव्हा वस्तीतला विशीतला पोरगा सकाळी कुणाच्या बांधावरच्या लिंबाला लटकलेला सापडला, तर ती आत्महत्याच. प्रेमभंग, दारू, कर्ज, यातलं वयाला शोभेल ते कारण लिहा.

नोंद आकस्मिक मृत्यूची करा. ही नोंद, म्हणजे ए.डी., फार सोशिक असते, तिला आरोपी लागत नाही.

आता दोर. फॉरेन्सिकवाले सांगतात की गाठीला हात लावू नये, दोर गाठीपासून लांब कापावा, कापलेली टोकं दोऱ्याने बांधून ठेवावीत, कारण गाठ कुणी आणि कशी मारली हे तीच सांगते. तुम्ही मात्र दोन माणसं झाडावर चढवा, गाठ सोडवून घ्या आणि दोर दावणीला परत जाऊ द्या. बैलांची गैरसोय कशाला?

गळ्याकडे फार बघू नका. फाशीचा वळ बहुधा तिरका असतो, हनुवटीखालून कानामागे वर चढत जातो. गळा आवळला असेल तर वळ आडवा, खालच्या अंगाला आणि गळाभर असतो. पंचनाम्यात ‘गळ्यावर वळ दिसतो’ एवढंच लिहिलं की दोन्ही बाजू सुखी. पाठीचंही तसंच. लटकलेल्या देहात रक्त पायांत आणि हाताच्या पंजांत साकळतं आणि काही तासांनी तिथेच पक्कं होतं. ते पाठीवर साकळलेलं दिसलं, तर माणूस मेल्यानंतर बराच वेळ उताणा पडलेला होता, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून सदरा काढायचाच नाही. ‘पाठीवर खुणा नाहीत’ असं लिहायला पाठ बघावी लागत नाही.

पंच दोन लागतात. ठाण्यासमोरचा चहावाला कशावरही सही करतो, पण तो प्रत्येक खटल्यात असल्यामुळे वकील त्याला नावाने ओळखतात. त्यापेक्षा संशयिताच्या भावकीतला एक आणि त्याच्याकडे सालाने असलेला एक घ्या. कोर्टात दोघंही ‘कोऱ्या कागदावर सही घेतली’ म्हणतील. पंचनामा तिथेच झोपला.

शवविच्छेदन लवकर उरकून घ्या. याचा दाखला २००६ च्या खैरलांजी हत्याकांडाचा आहे: तिथे पुरलेले देह पुन्हा उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची कैद केली आणि हेतू जातीचा नव्हे, सुडाचा ठरवला. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, जात मात्र सहीसलामत सुटली.

इतकं करूनही वस्तीतली माणसं ठाण्यासमोर बसतात, प्रेत ताब्यात घेत नाहीत. मग गुन्हा दाखल करावा लागतो. ॲट्रॉसिटी कायद्याची २०१८ ची दुरुस्ती म्हणते की गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. बरोबर, चौकशी करू नका, ‘शहानिशा’ करा. तिला तीन दिवस लागतात. तेवढ्यात समोरच्यांची उलट फिर्याद घ्या: मंगळसूत्र हिसकावलं, घरात घुसले, विनयभंग केला. तिची शहानिशा लागत नाही.

फिर्याद लिहून घेताना मन लावा, सगळी कला इथेच आहे. बाई सांगेल, ‘चावडीपुढं, चार माणसांत जातीवरून बोलले.’ तुम्ही लिहा, ‘घरी येऊन शिवीगाळ केली.’ सार्वजनिक नजरेसमोर अपमान झाला पाहिजे, ही कलम ३ ची अट तिथेच गळते. खुनाचं कारण ‘बांधाच्या जुन्या वादावरून’ लिहा. कायदा आता एवढंच विचारतो की आरोपीला मृताची जात माहीत होती का, आणि ओळख असेल तर न्यायालय ती माहीत होती असंच धरून चालतं. म्हणून ओळखीचा उल्लेखच टाळा. तीनशे उंबऱ्यांच्या गावात कोण कुणाला ओळखतं?

फिर्याद वाचून दाखवणं बंधनकारक आहे. दाखवा की, जरा भरभर.

नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा. म्हणजे जबाब हवालदाराने घ्यायचे, सही तुम्ही करायची. चार वर्षांनी बचावाचा वकील जीपचं लॉगबुक आणि स्टेशन डायरी मागवेल आणि त्या दुपारी साहेब बंदोबस्तावर होते, हे शांतपणे दाखवून देईल. जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडायचा राहिला, तर त्याचं काम आणखी हलकं.

रक्ताने भिजलेला सदरा सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो. तुम्ही ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बुरशी उरलेला तपास करेल. दूध डेअरीच्या कॅमेऱ्यातलं चित्रण साधारण पंधरा ते तीस दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, तेव्हा पत्र एकतिसाव्या दिवशी पाठवा. कॉल रेकॉर्ड तेवढे आडमुठे, कंपन्या ते दोन वर्षं ठेवतात. त्यांच्यासाठी फक्त मृताचा नंबर कळवा.

प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवायची घाई नको. तो ज्याच्या रानात रोजाने जातो, त्याच्याच पोराविरुद्ध बोलणार आहे. आधी काम बंद होतं, मग किराणावाला उधारी थांबवतो, शेवटी गिरणीवाला दळण परत पाठवतो. असा बहिष्कार हाही ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, पण दळणाच्या रिकाम्या डब्याचा पंचनामा कोण करतो? तपासाच्या ६० दिवसांच्या मुदतीतले पन्नास असे गेले की साक्षीदार आपणहून पाहिलेलं विसरतो.

हयगय केली म्हणून आपल्यावरच गुन्हा होईल, ही भीती असेल तर कलम ४ नीट वाचा. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे खरी, पण गुन्हा दाखल व्हायला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. चौकशी तुमच्याच खात्यातला, तुमच्यासारखाच कामात बुडालेला कुणीतरी करतो.

समन्स येईल तेव्हा तुम्ही तिसऱ्या जिल्ह्यात असाल. आदल्या रात्री कागद चाळा, पंचनाम्यावरची सही ओळखा, ‘आठवत नाही’ जपून वापरा. दोर कुठे आहे असं कुणी विचारलंच, तर मुद्देमाल कारकुनाकडे बोट दाखवा. तो दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालाय.